कक्कयमच्या छावणीचा जाब अजून बाकी आहे

कालिकतजवळच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात अंतिम वर्षाला शिकणाऱ्या पी. राजन या विद्यार्थ्याला पोलिसांनी 1 मार्च 1976 रोजी पहाटे वसतिगृहातून उचलले. दोनच दिवसांपूर्वी कायण्णा येथील पोलिस ठाण्यावर नक्षलवाद्यांनी हल्ला केला होता आणि संशय येईल त्याला ओढून नेण्याचा सपाटा सुरू होता. राजनला नेण्यात आले ते कक्कयम येथे. तेथील जलविद्युत प्रकल्पाच्या परिसरात केरळ पोलिसांच्या गुन्हे शाखेने छावणी थाटली होती. उपमहानिरीक्षक जयराम पडिक्कल हे तिचे प्रमुख. या छावणीत 'उरुट्टल' नावाचा एक प्रकार चालत असे. माणसाला बाकाला करकचून बांधायचे आणि त्याच्या उघड्या मांड्यांवरून जड लाकडी मुसळ सर्व शक्तीनिशी दाबून फिरवायचे. दुसऱ्या दिवशी, 2 मार्चला, राजन मेला. त्याचा देह आजतागायत कोणाला सापडलेला नाही.

राजनचे वडील टी. व्ही. ईच्चर वारियर हे हिंदीचे प्राध्यापक. मुलाला पोलिसांनी नेल्याचे महाविद्यालयाच्या प्राचार्यांनीच त्यांना कळविले. त्यानंतर या गृहस्थाने वर्षभर किती उंबरठे झिजविले, याची गणती नाही. गृहमंत्री के. करुणाकरन झाले, मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन झाले, पोलिस अधिकारी झाले. मुलगा निरपराध आहे, त्याला सोडा, असा त्यांचा हट्टही नव्हता. तो कोठे आहे, जिवंत आहे की नाही, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. राजनच्या आईचे मानसिक स्वास्थ्य या काळात कायमचे ढासळले. न्यायालयाचे दार मात्र वारियर यांना ठोठावता आले नाही, कारण ते दार दिल्लीहून बंद करण्यात आले होते.

21 मार्च 1977 रोजी आणीबाणी उठली आणि 25 मार्चला वारियर यांनी केरळ उच्च न्यायालयात बंदिप्रत्यक्षीकरणाचा अर्ज दाखल केला. योगायोग असा की, आणीबाणीतील गृहमंत्री करुणाकरन त्याच दिवशी मुख्यमंत्रिपदी आरूढ झाले. राजनला कधी पकडलेच नव्हते, असे शासनाच्या वतीने प्रतिज्ञापत्रावर सांगण्यात आले. न्या. पी. सुब्रमण्यन पोट्टी आणि न्या. व्ही. खालिद यांच्यापुढे प्राचार्य उभे राहिले, छावणीत राजनला डोळ्यांनी पाहणारेही उभे राहिले. 13 एप्रिलला न्यायालयाने निर्णय दिला: राजनला पोलिसांनी नेले होते, त्याला न्यायालयापुढे हजर करा. हजर कोठून करणार? करुणाकरन यांना 25 एप्रिलला पद सोडावे लागले आणि राजन कोठडीतच मृत्यू पावल्याची कबुली अखेर शासनाला द्यावी लागली. जे सत्य एका बापाला वर्षभर दारोदार फिरूनही मिळाले नाही, ते न्यायालयाचे दार उघडताच एकोणीस दिवसांत बाहेर आले.

ज्यादतीचा पडदा

आणीबाणीचे समर्थक गेली अनेक दशके एक शब्द ढालीसारखा वापरत आले आहेत. तो शब्द म्हणजे 'ज्यादती'. वरिष्ठांचा हेतू चांगला होता, गाड्या वेळेवर धावत होत्या, काही अतिउत्साही अधिकाऱ्यांकडून खालच्या पातळीवर ज्यादती झाली, असा हा युक्तिवाद. तो आजही निर्लज्जपणे केला जातो. राजनला मारणारे हात शिपायांचे होते, हे खरे. पण त्या हातांना कोणी विचारणार नाही, याची हमी कोठून आली, हा प्रश्न या युक्तिवादात सोयीस्करपणे गाळला जातो.

ही हमी कागदोपत्री दिली गेली होती. 25 जून 1975 च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांची स्वाक्षरी झाली. 27 जूनला आणखी एक आदेश निघाला आणि राज्यघटनेच्या चौदाव्या, एकविसाव्या व बाविसाव्या कलमांसाठी न्यायालयात जाण्याचा नागरिकाचा अधिकार स्थगित झाला. 'मिसा' कायद्यात दुरुस्ती करून स्थानबद्धतेची कारणे गोपनीय ठरविण्यात आली. ती बंदिवानाला सांगायची नाहीत आणि न्यायालयालाही दाखवायची नाहीत. शाह आयोगाने नोंदविलेल्या आकड्यांनुसार 34,988 माणसे 'मिसा'खाली आणि 75,818 माणसे भारत संरक्षण नियमांखाली गजाआड गेली. एवढी माणसे कारण न सांगता डांबता येतात, हे एकदा ठाण्यातल्या फौजदाराला समजले की पुढचे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

तरीही देशातील नऊ उच्च न्यायालयांनी बंदिवानांचे अर्ज ऐकून घेण्याचा आपला अधिकार सोडला नाही. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि मधू दंडवते यांना बंगळुरूमध्ये पकडण्यात आले होते, त्यांचे अर्जही यात होते. या सगळ्यांविरुद्ध केंद्र शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. जबलपूरच्या शिवकांत शुक्ल यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना एक साधा प्रश्न विचारला. जीविताचा हक्कही याच एकविसाव्या कलमात आहे. तेव्हा एखाद्या पोलिस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी कोणाला ठार केले, तर न्यायालयात काही उपाय आहे की नाही? आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर डे यांनी दिले. हे आपल्याही विवेकाला धक्का देणारे आहे, असे ते म्हणाले, पण युक्तिवाद मागे घेतला नाही. राजाच्या वकिलाने भरदरबारात सांगितले की, राजाचा शिपाई प्रजेला मारू शकतो. आणि पाचपैकी चार न्यायमूर्तींनी अखेर त्याचेच म्हणणे ग्राह्य धरले.

निकाल 28 एप्रिल 1976 रोजी लागला. सरन्यायाधीश अ. ना. राय, न्या. मिर्झा हमीदुल्ला बेग, पुण्यात जन्मलेले न्या. यशवंतराव चंद्रचूड आणि न्या. पी. एन. भगवती एका बाजूला, न्या. खन्ना एकटे दुसऱ्या बाजूला. न्या. बेग यांना तर शासन बंदिवानांची जी काळजी घेते ती जवळपास मातेसारखी वाटली. असे काही भीषण घडणार नाही, अशी हिऱ्यासारखी लखलखीत आशा न्या. चंद्रचूड यांनी बाळगली. ज्या दिवशी त्यांनी ही आशा निकालपत्रात व्यक्त केली, त्या दिवशी राजनला मरून आठ आठवडे होऊन गेले होते.

न्या. खन्ना यांना या मतभेदाची किंमत मोजावी लागली. जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्ना राजीनामा देऊन बाहेर पडले. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरविला तो 24 ऑगस्ट 2017 रोजी, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी. तो चुकीचा होता, हे लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचेच सुपुत्र. पित्याच्या चुकीचे परिमार्जन पुत्राने केल्याचे कौतुक वृत्तपत्रांतून पुष्कळ झाले. वारियर मात्र 2006 मध्येच निवर्तले होते.

शत्रू कोण, हे कोण ठरविणार?

आणीबाणीतील यातनांचा इतिहास सांगताना प्रत्येक पक्ष आपापली यादी वाचतो. तसे होणे स्वाभाविक आहे. संघावर 4 जुलै 1975 रोजी बंदी आली, सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्यात होते, 14 नोव्हेंबर 1975 पासून सुरू झालेल्या सत्याग्रहात हजारो स्वयंसेवकांनी हसत कारावास पत्करला आणि त्यांपैकी अनेकांनी पाठीवर, तळपायांवर लाठ्या झेलल्या. त्यांची घरे कशी चालली, हे महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबांना कोणी सांगण्याची आवश्यकता नाही. पण या यादीच्या पलीकडची माणसे पाहिली, तरच त्या राजवटीचे खरे स्वरूप दिसते.

जॉर्ज फर्नांडिस भूमिगत होते. ते कोठे आहेत, हे काढून घेण्यासाठी पोलिसांनी 1 मे 1976 रोजी बंगळुरूमधून त्यांचे बंधू लॉरेन्स यांना उचलले आणि त्यांची हाडे खिळखिळी होईपर्यंत त्यांना मारले. भाऊ सापडत नाही म्हणून भावाला! त्यांच्या वृद्ध मातेने राष्ट्रपतींना पत्र लिहून ही हकीकत कळविली. त्याच बंगळुरूमध्ये अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना कारागृहात टाकण्यात आले. त्यांना तीव्र दमा होता. उपचारांची आबाळ होत राहिली, प्रकृती पार बिघडल्यावर जानेवारी 1977 मध्ये पॅरोलवर सोडण्यात आले आणि काही दिवसांतच त्या गेल्या. मारहाण न करताही माणसाला कसे मारता येते, याचा हा वस्तुपाठ होता. मृणाल गोरे यांना अकोल्याच्या कारागृहात एकांतात ठेवले गेले, शेजारच्या कोठडीत कुष्ठरोगी स्त्री आणि समोर रात्रंदिवस किंचाळणारी मनोरुग्ण स्त्री. मद्रासच्या मध्यवर्ती कारागृहात द्रमुकच्या कार्यकर्त्यांना बेदम मारण्यात आले. त्यांत एम. के. स्टालिन होते, त्यांना वाचवायला मध्ये पडलेले माजी महापौर चिट्टीबाबू या मारातून पुढे सावरलेच नाहीत. न्या. इस्माईल आयोगाने या सगळ्याची चौकशी केली.

समाजवादी, द्रविडवादी, संघाचा स्वयंसेवक, नक्षलवाद्यांचा पाठीराखा असल्याचा संशय असलेला विद्यार्थी: यांचे आपसांत एका गोष्टीवरही एकमत झाले नसते. सत्तेच्या दृष्टीने मात्र हे सारे एकाच जातीचे होते. शत्रू हा शब्द एकदा शासनाच्या शब्दकोशात शिरला की त्याची व्याख्या शासनच लिहिते. ज्या केरळमध्ये राजन मारला गेला, तेथील मुख्यमंत्री भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे होते, हेही येथे नोंदवून ठेवले पाहिजे. मानवी हक्कांचा मक्ता आपल्याकडेच असल्याच्या थाटात वावरणाऱ्या डाव्या विचारवंतांना अच्युत मेनन यांच्या मंत्रिमंडळाची आठवण क्वचितच होते. जे पोलिस त्यांच्या राज्यात मुसळ फिरवीत होते, ते कोणत्या वर्गाच्या हितासाठी, याचे विश्लेषण कोणत्याही पोथीत सापडत नाही.

दोषींचे काय झाले? 28 मे 1977 रोजी नेमलेल्या न्या. जे. सी. शाह आयोगापुढे इंदिरा गांधी यांनी शपथेवर साक्ष देण्यास नकार दिला. आयोगाने 1978 मध्ये तीन अहवाल दिले. 1980 मध्ये सत्तांतर झाले आणि खटले तर राहिलेच, अहवालाच्या प्रतीही दिसेनाशा झाल्या. माजी खासदार एरा सेझियन यांनी 2010 मध्ये तो स्वतः पुन्हा छापून काढला, तेव्हा कोठे तो सामान्य वाचकाच्या हाती आला. एका सार्वभौम राष्ट्राच्या चौकशी आयोगाचा अहवाल एका वृद्ध लोकप्रतिनिधीच्या कपाटाने जिवंत ठेवावा! आणि कक्कयम छावणीचे प्रमुख? खालच्या न्यायालयातील शिक्षा अपिलात टिकली नाही. जयराम पडिक्कल पोलिस महासंचालकपदापर्यंत चढले.

घर दुरुस्त केले, कोठडी तशीच राहिली

जनता शासनाने एक मोठे काम केले, ते नि:संशय मान्य केले पाहिजे. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचे कारण काढून 'सशस्त्र उठाव' असा शब्दप्रयोग आला आणि विसावे व एकविसावे कलम कोणत्याही आणीबाणीत स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. नीरेन डे यांचे उत्तर आता कोणत्याही महान्यायवाद्याला देता येणार नाही. परंतु राजनला ज्या खोलीत बाकाला बांधले गेले, तिच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. देशातील पोलिस कोठडीत यातना देणे हा स्वतंत्र, नावाने ओळखला जाणारा गुन्हा आजही नाही.

आहे ते असे. कबुली उकळण्यासाठी दुखापत करणे हा जुन्या दंडसंहितेत गुन्हा होता, तो नव्या भारतीय न्याय संहितेच्या 120 व्या कलमात तसाच आला आहे. पण तो सिद्ध कोणी करायचा? चार भिंतींच्या आत मार खाणारा एक आणि साक्षीदार सगळे मारणाऱ्याच्या ठाण्यातले. ही अडचण ओळखून विधी आयोगाने 1985 मध्येच सुचविले होते की, कोठडीत असताना झालेली जखम पोलिसांनीच केली, असे न्यायालयाला गृहीत धरता यावे. ही सूचना चाळीस वर्षे पडून आहे. 2023 चा भारतीय साक्ष्य अधिनियम तयार करताना ती अंतर्भूत करण्याची संधी चालून आली होती, तीही गेली.

यातनाविरोधी आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी 10 डिसेंबर 1984 रोजी स्वीकारला. भारताने त्यावर 14 ऑक्टोबर 1997 रोजी स्वाक्षरी केली आणि अनुसमर्थन मात्र आजवर केलेले नाही. ते गुजराल यांच्या काळात झाले नाही, वाजपेयी यांच्या काळात झाले नाही. मनमोहन सिंग यांच्या काळात यातना प्रतिबंधक विधेयक 6 मे 2010 रोजी लोकसभेत संमत झाले, राज्यसभेच्या प्रवर समितीने ते सुधारून दिले आणि मग ते कालबाह्य होऊन मेले. 2014 नंतर विधी आयोगाने 30 ऑक्टोबर 2017 रोजी आपल्या 273 व्या अहवालासोबत विधेयकाचा तयार मसुदाच शासनाच्या हाती ठेवला. संसदेला कायदा करण्याचा आदेश आपण देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितल्यावर चेंडू पूर्णपणे शासनाच्या अंगणात आला. तो तेथेच आहे. ज्यांनी स्वतः 'मिसा'खाली कारावास भोगला, त्यांतील अनेकांच्या हाती या काळात दोनदा देशाची सत्ता आली. 12 जुलै 2024 रोजी 25 जून हा दिवस 'संविधान हत्या दिवस' म्हणून घोषितही झाला. स्मरणाला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. मिसाबंदींना मानधन मिळते, तेही योग्यच आहे. पण ज्या यातनांचे हे स्मरण, त्यांच्याविरुद्ध कायदा करायला हात का धजत नाही, असा प्रश्न याच परिवारातील तरुण कार्यकर्त्याने विचारला तर त्याला काय उत्तर द्यायचे?

उत्तर बहुधा दिवाणखान्यात मिळते. दूरचित्रवाणीवर एखाद्या आरोपीला लंगडत नेताना दाखवितात आणि चहा पिता पिता सुशिक्षित गृहस्थ म्हणतो, बरे झाले, यांना असेच बदडले पाहिजे. दहशतवाद्याला कसले आले हक्क? राष्ट्राच्या शत्रूविषयी हा संताप समजण्याजोगा आहे. मुंबईने जे भोगले, त्यानंतर तो नसता तरच नवल. पण ठाण्यात जो बसलेला असतो तो त्या क्षणी आरोपी असतो; तो दहशतवादी आहे की नाही, हेच अजून ठरायचे असते. मार खाणारा माणूस खरे बोलत नाही, मार थांबेल असे बोलतो. पोलिसांनी खोटा माणूस पकडून कबुली घेतली की खरा माणूस मोकळा राहतो आणि पुढच्या बॉम्बची तयारी करतो. मद्रास इलाख्यातील यातनांवर 1854 मध्ये ब्रिटिशांनीच चौकशी आयोग नेमला होता आणि 1872 च्या पुरावा कायद्यात पोलिसापुढे दिलेली कबुली अग्राह्य ठरविली होती. परक्या राज्यकर्त्यालाही आपल्या शिपायाचा हा गुण ठाऊक होता. ते कलम आजही कायम आहे. महाराष्ट्राच्या 'मकोका'ने 1999 मध्ये त्याला अपवाद केला आणि पोलिस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य धरली. संघटित गुन्हेगारीशी लढायला कठोर कायदा हवा, यात दुमत नाही. मात्र जेवढा कायदा कठोर, तेवढा कोठडीवरचा पहारा कडक हवा. नाही तर त्या कबुलीवर उभा राहिलेला खटला वरच्या न्यायालयात पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळतो आणि वीस वर्षांनी सुटलेल्यांच्या मिरवणुका निघतात.

राष्ट्रहिताची भाषा बोलणाऱ्यांनी पुरुलियाचे उदाहरण तर वारंवार आठवावे. 17 डिसेंबर 1995 च्या रात्री बंगालमधील पुरुलियावर विमानातून शस्त्रास्त्रांचा वर्षाव झाला. त्यातील प्रमुख आरोपी किम डेव्ही डेन्मार्कमध्ये उजळ माथ्याने राहतो. भारताने प्रत्यार्पण मागितले. भारतातील कोठडीत त्याला यातना दिल्या जाण्याचा धोका आहे, असे सांगून डेन्मार्कच्या न्यायालयाने 2011 मध्ये नकार दिला आणि 2024 मध्येही तेथील न्यायालयाने तेच उत्तर दिले. भारतावर शस्त्रे टाकणारा माणूस भारताच्याच पोलिस ठाण्यांच्या कीर्तीमुळे सुरक्षित आहे. पश्चिमेचे ढोंग आहे, असे म्हणून हे झटकून टाकता येईल. ग्वांटानामोचा तळ चालविणाऱ्यांच्या गोटाने भारताला धडे द्यावेत, हे संतापजनकही आहे. पण न्यायालयात संताप चालत नाही. तेथे भारताचा वकील उभा राहतो, तेव्हा त्याला विचारले जाते की, तुमच्याकडे यातनांविरुद्ध कायदा आहे का, तुम्ही करार मान्य केला आहे का. आणि त्याच्यापाशी दाखवायला 1997 ची एक स्वाक्षरी असते.

273 व्या अहवालातील मसुद्यात यातनेची व्याख्या आहे, जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पीडिताला भरपाई आहे आणि कोठडीतील जखमेचा जाब पोलिसाने द्यायचा, हे 1985 चे जुने सूत्रही आहे. त्यातील कोणते कलम जाचक वाटते, कोणते राष्ट्राच्या सुरक्षेला बाधक वाटते, हे विधी मंत्रालयाने जाहीरपणे सांगावे आणि ते कलम बदलून विधेयक येत्या अधिवेशनात मांडावे.